शांत जागा

स्टोअरबाहेरचं दिव्याचं बटण दाबून सुनंदाबाईंनी कडी काढली, शेंगदाण्याचा डबा घ्यायला खाली वाकल्या आणि तशाच थबकल्या. गाद्यांच्या ट्रंकेला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन नातू बसला होता. पायांत मोजे, स्वेटरची चेन थेट गळ्यापर्यंत. सर्वेश रडत नव्हता. अचानक उजेड पडला म्हणून त्याने डोळे बारीक केले, एवढंच.

“अरे, इथे काय करतोस तू?”

साडेपाच वर्षांचं पोर. जन्म डेन्मार्कचा, वाढही तिकडचीच. मराठी सगळं कळायचं, पण बोलायची वेळ आली की शब्द शोधत बसायचा. त्याने ओठांवर बोट ठेवून आजीला गप्प केलं.

“आजी, बंद कर. अजून वाजलं नाही.”

काय वाजायचं होतं ते विचारायला सुनंदाबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या खोलीतून लेकीच्या सपातांची फटफट ऐकू आली. मग त्यांनी जे केलं त्याची त्यांना नंतर स्वतःलाच लाज वाटत राहिली. त्यांनी दार लोटलं, कडी होती तशी घातली, दिवा मालवला आणि ओट्याशी जाऊन कांदा चिरायला घेतला. त्रेसष्ट वर्षांची बाई, त्यातली एकतीस वर्षं कराडकडच्या झेडपीच्या शाळांत बाई म्हणून मिरवलेली, आणि लेकीच्या पावलांना घाबरून कांदा चिरत उभी.

क्षितिजा आली ती फोन हातात घेऊनच. फोनवर टिंगटिंग वाजलं. तिने कडी काढली, फरशीवर गुडघे टेकून लेकाच्या डोळ्यांना डोळे भिडवले आणि तिकडच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी समजावलं. त्याने दोनदा मान हलवली. तिने त्याच्या कपाळाचा पापा घेतला आणि तो गुपचूप बाहेरच्या खोलीत निघून गेला. सगळं इतक्या शांतपणे झालं, की तिऱ्हाईताने पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय गुणाची आई आहे.

“आई, पोह्यांत दाणे नाही घातलेस?” क्षितिजाने कढईत डोकावून विचारलं.

“घेतच होते,” सुनंदाबाई म्हणाल्या.

हे झालं मंगळवारी. गुरुवारी दुपारी अडीच वाजता डेन्मार्कहून लॅपटॉपवर फोन यायचा होता, आणि शनिवारी मायलेकांचं परतीचं विमान होतं.

प्रकरण असं होतं. सुनंदाबाई गेल्या वर्षी ऑगस्टपासून तीन महिने लेकीकडे राहून आल्या होत्या. त्या परतल्यावर महिन्याभरात सर्वेशने आपल्या बालवाडीतल्या बाईंना सांगितलं, की मला घरी अंधारात ठेवतात आणि दार बाहेरून लावतात. तिकडच्या बाईंना असलं काही ऐकलं की पोटात ठेवता येत नाही, वर कळवावंच लागतं, तसा कायदाच आहे. त्यांनी कळवलं. मुलांची काळजी वाहणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र घरी आलं. क्षितिजाने त्यांना उत्तर दिलं, की माझी आई इथे राहायला होती, ती जुन्या वळणाची आहे, भारतात मुलांना थोडा वेळ असं कोंडतात, तिनेच कधीतरी केलं असेल. आणि मग आईला फोन करून सांगितलं, की तुला विचारतील, तू फक्त हो म्हण.

सुनंदाबाईंना वाईट वाटलं होतं, पण फार नाही. नातवाबरोबर त्या तिथे लपाछपी खेळायच्या, कोटांच्या कपाटात दोघं दडून बसायची. पोराच्या डोक्यात त्याचंच काहीतरी होऊन बसलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. लेकीच्या संसारावरचं बालंट टळत असेल तर म्हातारीचं एक हो म्हणायला काय जातंय? त्या आता चंडीगडला आपल्या मुलाकडे राहायच्या. देवेंद्र केंद्र सरकारच्या नोकरीत, तीन वर्षांपूर्वी बदलीवर इथे आलेला. त्याने सरकारी माणसाला शोभेल असाच सल्ला दिला होता, की विचारतील तेवढंच सांग, जादा माहिती द्यायची नाही, आणि नीट आठवत नसेल तर तसं म्हणून मोकळी हो. चौकशी कशी पार पाडावी हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यातली गंमत म्हणा की दुर्दैव, मुलं कशी वाढवावीत यावर क्षितिजाइतकं छान बोलणारं त्या कॉलनीत दुसरं कुणी नव्हतं. आदल्याच रविवारी धुकं फिटल्यावर बायका पार्कात उन्हाला बसल्या होत्या. लोहडीचा सण आठवड्यावर आलेला, शेजारच्या ग्रेवाल आंटींनी मूगफली आणि रेवड्या आणल्या होत्या, आणि क्षितिजा तिकडच्या गोष्टी सांगत होती. तिकडे तान्ही बाळं कडाक्याच्या थंडीत घराबाहेर बाबागाडीत झोपवतात, आणि ती टवटवीत उठतात. चार वर्षांच्या मुलाच्या हातात खरा चाकू देऊन लाकूड तासायला शिकवतात. मुलाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो कुठे लावत नाहीत. मारणं तर सोडाच, रस्त्यात मोठ्याने ओरडलं तरी लोक वळून बघतात. बायका तोंडाचा आ करून ऐकत होत्या.

“साड्डे इत्थे तां जी, दो लाओ ते गल्ल खतम,” ग्रेवाल आंटी म्हणाल्या. आमच्याकडे दोन लगावल्या की विषय संपला. सगळ्या हसल्या. क्षितिजाही हसली.

मग तिने भाचीचा विषय काढला. देवेंद्रची चिन्मयी सोळा वर्षांची, सकाळी धुक्यात सेक्टर चौतीसच्या कोचिंगला जायची ती दिवेलागणीला परतायची. तिकडे याला सरळ छळ म्हणतील, असं क्षितिजा म्हणाली. चिन्मयीची आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. तिला ते लागलं, पण दहा दिवसांच्या नणंदेशी कोण वाद घालणार? सुनंदाबाईंना मात्र त्या दिवशी लेकीचं फार कौतुक वाटलं होतं. आपण घातलेले धपाटे, आपण घातलेल्या शिव्या, हे सगळं या मुलीने धुऊन काढलं, असं त्यांना त्या उन्हात वाटलं होतं. मंगळवारनंतर ते कौतुक आठवलं की त्या उठून दुसऱ्या कामाला लागायच्या.

बुधवारी दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना दोघीच होत्या. खाली अंगणात सर्वेश दगड ओळीने मांडत होता. एक दगड ओळीबाहेर गेला की पुन्हा पहिल्यापासून मांडायचा.

“क्षितिजा, काल कडी बाहेरून होती,” सुनंदाबाई म्हणाल्या.

क्षितिजाने चादरीला चिमटा लावला, दुसरा लावला. “दार आपोआप उघडतं ते.”

“किती वेळ ठेवतेस?”

“नऊ मिनिटं. टायमर लावून. का ठेवतेय ते त्याला आधी समजावून. ती त्याची शांत जागा आहे, आई. मी आजवर त्याच्या अंगाला बोट लावलेलं नाही.”

“तिकडेही ठेवतेस?”

क्षितिजाने बादलीतला सर्वेशचा शर्ट उचलला, झटकला, पुन्हा झटकला.

“तू मला मोरीत कोंडायचीस. तू शाळेतून परत येईपर्यंत,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, एखाद्या गावाचं नाव सांगावं तसं ती सांगत होती. “मी नऊ मिनिटं ठेवते. आणि मला तरी काय झालं?”

हे वाक्य खरं तर सुनंदाबाईंचं होतं. लग्नाकार्यात, शाळेतल्या पालकांसमोर, कुणी विषय काढला की त्या हेच सांगायच्या: नवरा गेला, दोन पोरं पदरात, सांभाळायला कुणी नाही, देवेंद्र शहाणा होता पण ही हट्टी, मग काय करणार, मोरीत घालून कडी लावून जायचे, काय झालं तिला, परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे. ऐकणारे हसायचे, माना डोलवायचे. क्षितिजा कधी समोर असायची, तीही हसायची. आज गच्चीवर लेकीच्या तोंडून ऐकल्यावर सुनंदाबाईंनी कठडा धरला.

“प्रसन्नला ठाऊक आहे?” त्यांनी विचारलं. प्रसन्न म्हणजे जावई. त्याला रजा मिळाली नव्हती म्हणून तो आला नव्हता.

“प्रसन्नला सात वाजेपर्यंत ऑफिस असतं.” मग इतका वेळ सपाट असलेला तिचा आवाज फाटला. “आई, उद्या तू काही भलतंच बोललीस ना, तर त्याला घेऊन जातील. दुसऱ्या घरी ठेवतील, अनोळखी माणसांत. मला पंधरा दिवसांनी दोन तास भेटायला देतील, तेही कुणीतरी वही घेऊन शेजारी बसलेलं असताना. मी जगणार नाही.”

सुनंदाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ थंडगार होती.

तेव्हापासून गुरुवारच्या अडीचपर्यंत त्यांच्या हातून एक काम धड झालं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. चिन्मयीच्या डब्यात पोळ्या भरायच्या राहिल्या. त्यांना सारखं दिसायचं, की सर्वेश कुठल्यातरी परक्या घरात परक्या पलंगावर झोपलाय आणि तळव्यांना हात लावल्याशिवाय त्याला झोप येत नाही हे तिथे कुणाला माहीत नाही. लगेच दुसरं दिसायचं, की तो अंधारात बसलाय आणि टिंगटिंग वाजायची वाट बघतोय. नातू वाचला तर लेक जात होती, लेक वाचली तर नातू. शाळेत बाकीच्यांची भांडणं त्यांनी चुटकीसरशी सोडवली होती, पण इथे त्यांचं डोकं चालेना. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, की हो म्हणायचं, पण जाता जाता लेकीलाही जरा समजावून सांगा असं घालायचं बोलण्यात. असं कसं घालायचं ते काही सुचलं नव्हतं.

गुरुवारी जेवणं आटोपल्यावर ग्रेवाल आंटी सर्वेशला त्यांच्या कुत्रीची पिल्लं दाखवायला घेऊन गेल्या. क्षितिजाने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून दिला. बोलणं होईल तेव्हा तिने खोलीत असायचं नाही, असं खात्याने आधीच कळवलं होतं, म्हणून शाल गुंडाळून ती समोरच्या पार्कात जाऊन बसली. घरात दुसरं कुणी नव्हतं. सुनंदाबाईंनी साडी बदलली होती, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता, इन्स्पेक्शनला साहेब यायचे तेव्हा घालायच्या तसा.

पडद्यावर दोन बायका आल्या. एक खात्याची, तिशीची, जाड विणीचा स्वेटर घातलेली, चेहरा इतका साधा आणि प्रेमळ की सुनंदाबाई जरा गोंधळल्याच. त्या कुणीतरी करडी बाई धरून चालल्या होत्या. तिचं नाव मेटे. दुसरी दुभाषी, बोलण्यावरून नागपूरकडची वाटणारी. तिने आधीच सांगून टाकलं, की मी ‘मी’ म्हणेन तेव्हा त्या मेटेबाई बोलतायत असं समजायचं. खोलीत कुणी आहे का, मूल जवळपास आहे का, असं विचारून झालं. सुनंदाबाईंनी नाही म्हणून सांगितलं.

मग प्रश्न सुरू झाले. तुम्ही त्याला कधी खोलीत बंद केलंत का? हो. किती वेळा? सुनंदाबाईंनी दोनदा म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, मोजलं नाही. दिवा असायचा का? नसायचा. आत काय असायचं? इथे त्या अडखळल्या. डेन्मार्कच्या त्या घरातलं कपाट डोळ्यांपुढे आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण पुढे आली ती कराडची मोरी. ओली फरशी, हंडा, थेंब थेंब गळणारा नळ. त्यांनी म्हटलं, ओलसर असायचं, गार असायचं. हळूहळू त्यांना कळलं, की खोटं रचावंच लागत नाहीये. विचारलं ते सगळं त्यांना ठाऊक होतं. का कोंडायचात? कामाला जायची वेळ झालेली असायची आणि पोर सोडायला तयार नसायचं. दुभाषी बाईंनी हे सांगितल्यावर मेटेने कागदावर काहीतरी लिहिलं, पण पुढे काही विचारलं नाही.

“मूल आत असताना तुम्ही काय करत होता?” दुभाषी बाईंनी तिच्या वतीने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सुनंदाबाईंनी पदराने ओठ टिपले.

“दाराशी उभी राहायचे थोडा वेळ,” त्या म्हणाल्या. “आतला आवाज बंद झाला की बरं वाटायचं. वाटायचं, झालं पोर शहाणं.”

मेटेने हे ऐकून घेतलं. दुभाषी बाईंचं सांगून झाल्यावरही ती बराच वेळ काही बोलली नाही. इकडे असं कुणी गप्प राहिलं की दुसरा काहीतरी बोलून मोकळा होतो. ती तशीच बसून राहिली, रागावून नव्हे, सुनंदाबाईंना अजून काही सांगायचं असेल तर सांगता यावं म्हणून. आणि मग तिने तो प्रश्न विचारला.

“आईने त्याला असं बंद केलेलं तुम्ही कधी पाहिलंत?”

खिडकीतून पार्क दिसत होता. पुन्हा धुकं धरायला लागलं होतं. बाकावर क्षितिजा बसली होती, पाय वर घेऊन, गुडघे पोटाशी धरून, डोकं त्यांत घालून. छत्तीस वर्षांची बाई इतकीशी दिसत होती. आपण हिला एकदाही त्या मोरीतून बाहेर घेऊन जवळ धरलं नाही, नुसती कडी काढून कामाला लागलो, हे त्यांना आठवलं. लेकीला समजावून सांगा असं जे काही बोलण्यात घालायचं होतं ते त्या साफ विसरल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच नाही. ती फार हळुवार वागते त्याच्याशी.”

पुढचं सगळं दहा मिनिटांत आटोपलं. मेटेने सांगितलं, की हे लिहून ठेवलं जाईल. यापुढे तुम्हाला नातवाबरोबर एकटीने राहता येणार नाही, आणि तिकडे आलात तर त्याच घरात राहण्याआधी खात्याला विचारावं लागेल. आईविषयी मात्र आता शंका राहिलेली नाही. मग तिने मनापासून सुनंदाबाईंचे आभार मानले. तुमच्या पिढीच्या माणसांना हे बोलणं किती अवघड जातं ते मला माहीत आहे, ती म्हणाली, तुम्ही खरं सांगितलंत आणि एका मुलाला मदत केलीत. पडदा निळा झाला.

क्षितिजा धावतच आत आली. आईच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. तिने सुनंदाबाईंच्या गळ्यात हात टाकले आणि लहानपणी कधी रडली नव्हती तशी हमसून रडली. “आई, तू मला वाचवलंस,” असं काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग डोळे पुसून प्रसन्नला फोन करायला आतल्या खोलीत गेली. तिचा आवाज दाराआडून येत होता, मोकळा, जवळजवळ हसरा.

सुनंदाबाईंनी लॅपटॉप मिटला. तेव्हा मागच्या व्हरांड्याच्या जाळीच्या दाराबाहेर त्यांना लाल टोपी दिसली. सर्वेश पायरीवर बसला होता. नाकाचा शेंडा गारठून लाल झाला होता, मोज्यांना कुत्र्याचे केस लागले होते. ग्रेवाल आंटींकडची पिल्लं झोपली म्हणून तो बूट तिथेच ठेवून एकटाच मागच्या वाटेने परत आला होता. कधी आला होता, हे विचारायची सुनंदाबाईंना गरज वाटली नाही.

त्यांनी दार उघडलं आणि गुडघे दुखत असताना कशाबशा त्याच्या शेजारी बसल्या. त्याचे हात हातांत घेऊन चोळले.

“आजी, तू नाही केलं,” सर्वेश म्हणाला.

“बाळा, मोठ्या माणसांना कधीकधी...” त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

तो शब्द शोधत होता. त्याला घाई नव्हती. समोरच्या धुक्यात ग्रेवाल आंटींची मोटार होती की नव्हती ते कळत नव्हतं.

“माझ्या बाईंना मी सांगितलं,” तो म्हणाला. “आता त्यांना वाटेल, झालं ते. संपलं.” मग त्याने आजीकडे पाहिलं. “आता मी कुणाला सांगू?”

सुनंदाबाईंनी त्याचा हात घट्ट धरला. तो त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला, अगदी चांगल्या वळणाच्या मुलासारखा, मध्ये न बोलता. आतून क्षितिजाने हाक मारली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“सर्वेश, ये रे बाळा. न सांगता आलास ना? ये, आपण बोलू या.”

त्याने आपला हात सोडवून घेतला, पायपुसण्यावर मोजे नीट पुसले आणि आत गेला.